धुऱ्यावर काय लावायचं?

नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडच्या मंडळींनी सुरुवातीलाच विचारलं, मधमाश्यांसाठी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कोणतं झाड लावू? मी उलट विचारतो, तुमच्या शिवारात कोणत्या महिन्यात फूल नसतं? झाडाचं नाव त्यानंतर.

संत्र्याचा आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो, तेव्हा माशीला बागेतच भरपूर मिळतं. मग पळस. त्यावर पाखरांची गर्दी जास्त, पण माश्याही येतात. पुढे करंज आणि कडुनिंब उन्हाळा काढून देतात. कपाशी आणि तूर फुलली की दिवाळीपासून थंडीपर्यंत चिंता नाही. अडचण येते भर पावसाळ्यात. वावरात सोयाबीन, धुऱ्यावर तणनाशक मारलेलं, खायला काहीच नाही. तिथं बाभूळ आणि गावरान बोर लागतात. बाभळीच्या सावलीत पीक दबतं, ही तक्रार खरी आहे. म्हणून ती नाल्याच्या काठाला ठेवा, बोरी छाटत राहा. गुलमोहर आणि सुबाभूळ मात्र यासाठी लावू नका, दोन्ही बाहेरचे पाहुणे.

आता तरवड. पिवळ्या फुलांचं हे झुडूप कुणी विकत आणत नाही, पण मला ते फार मोलाचं वाटतं. त्याच्या फुलात मध नाही, फक्त पराग, आणि तोही पुंकेसराच्या टोकाला असलेल्या बारीक भोकातून बाहेर पडतो. माशीनं फूल घट्ट धरून अंग थरथरवलं तरच तो झडतो. वांगं आणि टमाटर यांचंही असंच. ही कला भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या रानमाशीला येते, सातेरीला, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीला, येत नाही. म्हणजे सातेरीच्या पेट्या आणून ठेवल्या, तरी वांग्याचं हे काम त्यांच्यानं होत नाही. भोपळा, कारली, दोडक्याचं वेगळं. तिथं नर आणि मादी फूल निराळं, पराग पोचवायला कीटक हवाच. सोयाबीनला एवढी गरज नाही, उगाच सगळ्या पिकांचा हवाला देऊ नये.

या रानमाश्यांपैकी बऱ्याच जमिनीत बीळ करून राहतात, भुंगा वाळक्या लाकडात. उन्हाळ्यात धुरे जाळण्याची आपली सवय त्यांच्या घरावरच येते. थोडी उघडी, न नांगरलेली माती आणि एखादी वाळकी फांदी राहू द्या. बहारात फवारा टाळा, टळतच नसेल तर माश्या परतल्यावर संध्याकाळी मारा.

देशी ते सगळं चांगलं, असंही मी म्हणणार नाही. संत्र्याच्या बागेभोवती गुळवेल आणि वासनवेल ठेवू नका. फळातला रस शोषणाऱ्या पतंगाची अळी याच वेलींवर वाढते आणि पुढे पतंग रात्री फळाला भोक पाडतो, मग फळगळ. बेल पवित्र खरा, पण संत्रा-लिंबूवर पडणाऱ्या फुलपाखराच्या अळ्या त्यावरही पोसतात. कढीपत्त्यावर सायला ही संत्र्याचा रस शोषणारी कीड वाढते. ही दोन्ही घराजवळ लावा, बागेला लागून नको.

रोपवाटिकेत पैसे घालण्याआधी गावातलं बी गोळा करा. कडुनिंबाच्या निंबोळ्या पावसाच्या तोंडावर पिकून पडतात. त्यांची उगवण फार दिवस टिकत नाही, गर काढून लगेच धुऱ्यावर टोचा. पळसाचं मूळ खोल जातं, म्हणून पिशवीतल्या रोपापेक्षा ताजं बी जागेवरच लावलेलं बरं. बोरीचं तर बहुतेक धुऱ्यांवर आपोआपच उगवलेलं असतं. तेवढं खुरपणाऱ्या बायांना आधी सांगून ठेवा, नाहीतर तणासोबत तेही जाईल.