एकवीस आणि बावीस

२३ एप्रिल २०२०. सगळं जग घरात कोंडलेलं. एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा ड्राफ्ट (कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंची टीमांनी करायची निवड) त्या वर्षी लास व्हेगासमध्ये दणक्यात होणार होता, तो झाला कमिशनर रॉजर गुडेलच्या घराच्या बेसमेंटमध्ये, साहेब कॅमेऱ्यात बघून एकेक नाव वाचतायत आणि बाकी सगळे मॅनेजर-कोच आपापल्या घरी स्क्रीन लावून बसलेत, मागून कुणाची पोरं फिरतायत, कुणाचा कुत्रा.

आणि नंबर लागतो एकविसावा. टीम, फिलाडेल्फिया ईगल्स. गुडेल नाव वाचतो: जेलन रेगर, वाइड रिसीव्हर, टीसीयू (हे त्याचं कॉलेज).

लगेच बावीस. मिनेसोटा व्हायकिंग्ज. जस्टिन जेफरसन, वाइड रिसीव्हर, एलएसयू (हेही कॉलेजच).

झालं एवढंच. पण फिलाडेल्फियाच्या कुठल्याही फॅनसमोर आजही ही दोन नावं एका दमात घेऊन बघा, समोरचा कपाळाला हात लावतो.

आपल्याला आयपीएलच्या लिलावाची सवय, म्हणून आधी एक सांगतो. इथे बोली नसते. गेल्या सीझनला जी टीम तळाला ती आधी उचलणार, मग तिच्या वरची, असं करत करत. तुमचा नंबर आला की घड्याळ सुरू, एक नाव सांगायचं आणि मोकळं व्हायचं. त्यामुळे इथे "आमच्याकडे पैसे कमी पडले हो" ही सबब चालत नाही. जेफरसन समोर ताटात वाढलेला होता. ईगल्सनी शेजारचं ताट घेतलं.

आता हा वाइड रिसीव्हर करतो काय? क्वार्टरबॅक बॉल फेकणार, हा पळत जाऊन झेलणार, लांबून बघितलं तर एवढंच. पण खरी गंमत झेलायच्या आधी असते. समोर त्याला रोखणारा डिफेंडर, म्हणजे कॉर्नरबॅक उभा, हातभर अंतरावर, तो छातीवर हात घालून ह्याला पहिल्या पावलालाच अडवणार, मग ह्याने खांदा एकीकडे टाकायचा, पाय दुसरीकडे, आणि त्याला चकवून ठरलेल्या पावलांत ठरलेल्या जागी पोचायचं, कारण क्वार्टरबॅक ह्याची वाट बघत नाही, ह्याची मान वळायच्या आत बॉल हवेत असतो. कबड्डीतला मुरलेला रेडर आठवा, हात पुढे करून घाबरवतो आणि शिवतो मात्र पायाने. तसं. नुसता वेग असून भागत नाही.

आणि ईगल्सना नेमका वेगच हवा होता.

त्याला कारणही होतं. २०१९ मध्ये त्यांच्या रिसीव्हर लोकांची पार वाताहत झाली होती. डीशॉन जॅक्सन जायबंदी, आल्शॉन जेफ्री जायबंदी, शेवटी शेवटी ग्रेग वॉर्ड मेन रिसीव्हर म्हणून खेळत होता, जो कॉलेजात क्वार्टरबॅक होता आणि प्रॅक्टिस स्क्वॉडमधून वर आणलेला. त्यांच्या क्वार्टरबॅकने, कार्सन वेंट्झने, त्या सीझनला ४,०३९ यार्ड फेकले (म्हणजे त्याच्या फेकींवर टीम तेवढं अंतर पुढे सरकली) आणि एकाही वाइड रिसीव्हरचे ५०० यार्ड झाले नाहीत, सगळा भार टाइट एंड लोकांवर, म्हणजे आतल्या बाजूला उभे राहणाऱ्या दांडग्या झेलणाऱ्यांवर. शिवाय २०१९ च्या ड्राफ्टची जखम ताजी होती, ५७ व्या नंबरला त्यांनी आर्सेगा-व्हाइटसाइड हा रिसीव्हर घेतला आणि सात नंबर पुढे सिअ‍ॅटलने डीके मेटकाफ उचलला. म्हणजे दुधाने तोंड आधीच पोळलेलं.

मग २०२० ला जनरल मॅनेजर हावी रोझमनने काय केलं, तर जिथे वेग दिसेल तिथे हात घातला. हायटॉवर घेतला, क्वेझ वॉटकिन्स घेतला, ट्रेडमध्ये, म्हणजे दुसऱ्या टीमशी अदलाबदल करून, मार्कीस गुडविन आणला, हा गुडविन म्हणजे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लांब उडी मारून आलेला गडी. आणि ह्या सगळ्या यादीच्या डोक्यावर रेगर.

आता निवाडा करायचा तर वरातीमागून घोडं नको. आज जेफरसन कोण आहे ते शेंबड्या पोरालाही माहितीये, त्यावरून त्या रात्रीच्या लोकांना मूर्ख ठरवणं सोपं आहे. म्हणून मी एक नियम घातलाय, त्या रात्री टेबलावर जेवढे कागद होते तेवढेच वाचायचे.

रेगरचा कागद. २०१८ ला ७२ कॅच, १,०६१ यार्ड, ९ टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाऊन). २०१९ ला घसरून ४३ कॅच, ६११ यार्ड, ५ टचडाऊन. घसरण का, तर टीसीयूचा क्वार्टरबॅक तेव्हा पहिल्या वर्षाचा पोरगा, बॉल कधी डोक्यावरून कधी पायात. हे कारण खरं आहे, मी ते मान्य करतो. उभी उडी ४२ इंच, म्हणजे अफाट. पंट रिटर्नला, म्हणजे समोरच्यांनी लाथेने लांब उडवलेला बॉल झेलून परत पळण्यात, धोकादायक. आणि वडील मॉन्टे रेगर स्वतः एनएफएल खेळलेले, थोडा काळ ईगल्सकडूनच.

जेफरसनचा कागद. २०१९ ला १११ कॅच, १,५४० यार्ड, १८ टचडाऊन, टीम नॅशनल चॅम्पियन. ओक्लाहोमाविरुद्धच्या सेमीफायनलला चार टचडाऊन, आणि चारही हाफटाइमच्या आत. मग शंका कसली? शंका अशी की हा स्लॉटमध्ये खेळतो, म्हणजे आतल्या बाजूला, तिथे जागा मोकळी मिळते, बाहेर कडेला कॉर्नरबॅक अंगावर आला की काय करेल. शिवाय बॉल फेकणारा जो बरो, तिथे कुणीही चमकेल.

ही शंका मला तेव्हाही पटली नव्हती आणि आता तर अजिबात नाही, कारण २०१८ चा कागद त्याच फाइलीत होता. त्या वर्षी जेफरसन बाहेरच खेळायचा, बरो तेव्हा नवखा, एलएसयूचा खेळही जुनाट पद्धतीचा, तरी ८७५ यार्ड काढून हाच टीममध्ये पहिला. म्हणजे बाहेर जमतं हे दाखवून झालेलं होतं, फक्त एक पान मागे उलटायचं होतं.

आणि हे तर फारच भारी आहे बघा. इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत, ४० यार्डची धाव. वेगासाठी घेतलेला रेगर, ४.४७ सेकंद. "स्लॉटवाला" जेफरसन, ४.४३.

माझ्या मते चूक इथे आहे. रेगर घेतला ही चूक दुसऱ्या नंबरची. पहिली चूक ही की आधी खोका ठरवला, त्यावर "वेग" असं लेबल लावलं आणि मग त्यात बसणारा माणूस शोधत बसले. जो नुसता चांगला रिसीव्हर होता त्याच्यावर आधीच दुसरं लेबल चिकटलेलं होतं, म्हणून तो हातचा सुटला.

पुढचं भरभर सांगतो. कोविडमुळे त्या वर्षी प्रीसीझन मॅचेसच झाल्या नाहीत, रेगरला त्याचा फटका बसला, अंगठा दुखावला, वेंट्झचाही फॉर्म गेला. ३१ कॅच, ३९६ यार्ड, १ टचडाऊन. पण प्रीसीझन जेफरसनलाही नव्हती ना. पहिल्या दोन मॅचमध्ये तोही शांतच होता, तिसऱ्या मॅचला टेनेसीविरुद्ध १७५ यार्ड, आणि मग थांबलाच नाही. सीझन संपला तेव्हा ८८ कॅच, १,४०० यार्ड. सुपर बोल (एनएफएलची फायनल) सुरू झाल्यापासून तोवर कुठल्याच रुकीने, म्हणजे पहिल्या वर्षाच्या खेळाडूने, एवढे केले नव्हते.

रेगरची एक मॅच मात्र बघायलाच लागेल. २८ नोव्हेंबर २०२१, न्यू यॉर्क जायंट्सच्या मैदानात, ईगल्स ७-१३ ने मागे, शेवटचं मिनिट. बॉल येतो, हातात येतो, सुटतो. परत एक बॉल येतो, परत हाताला लागतो, परत सुटतो. मॅच गेली. त्या दुसऱ्या वेळेस त्याच्या हाताकडे बघा, बोटं ताठ झालीयेत, बॉल घ्यायला नाही तर अंगावरून झटकायला पुढे केल्यासारखी. मला त्या पोराचं वाईटच वाटतं खरं सांगू तर, नंबर एकवीस त्याने स्वतः थोडाच मागितला होता.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण हिच्याशिवाय ह्या ड्राफ्टला मार्क देताच येत नाहीत. त्याच ड्राफ्टमध्ये, दुसऱ्या दिवशी, ५३ व्या नंबरला ईगल्सनी क्वार्टरबॅक घेतला आणि शहर परत पेटलं, कारण वेंट्झशी आदल्याच वर्षी १२.८ कोटी डॉलरचा करार केलेला, मग हा कशाला? त्या पोराचं नाव जेलन हर्ट्स. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅन्सस सिटीला ४०-२२ ने हरवून सुपर बोल जिंकला तेव्हा एमव्हीपी, म्हणजे सामनावीर, हाच. म्हणजे एकाच रोझमनने दोन दिवसांत एक दिवाळं काढलं आणि एक लॉटरी लावली.

आणि सुधारला, हेही सांगायला हवं. २०२१ ला त्याने थेट कट्टर वैरी डॅलसशी सौदा करून दोन नंबर वर उडी मारली, कारण मागे जायंट्स टपून बसले होते, आणि डेव्होंटा स्मिथ घेतला. स्मिथ काही दांडगा नाही, किडकिडीत म्हणून लोकांनी नावं ठेवली, पण रूट, म्हणजे रिसीव्हरने पळायच्या ठरलेल्या वाटा, असे पळतो की बघत राहावं. खोका नाही, लेबल नाही, सरळ चांगला रिसीव्हर. पहिल्याच वर्षी ९१६ यार्ड. पुढच्या वर्षी ए. जे. ब्राऊन हा रिसीव्हर आला आणि रेगरला जागाच उरली नाही.

३१ ऑगस्ट २०२२ ला ईगल्सनी रेगरला ट्रेड केलं. कुठे? मिनेसोटाला. जेफरसनच्या टीममध्ये.

त्याच सीझनला, १३ नोव्हेंबर २०२२, बफेलो. आधी हे ऐका, तो बावीस नंबर मुळात बफेलोचाच, स्टेफॉन डिग्ज ह्या रिसीव्हरच्या बदल्यात त्यांनी तो मिनेसोटाला दिलेला, आणि डिग्ज त्या दिवशी समोरच्या टीममध्ये. मिनेसोटा मागे, चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, १८ यार्ड हवेत, नाहीतर खेळ खल्लास. बॉल उंच येतो. बफेलोच्या डिफेंडरने दोन्ही हातांनी धरलाच होता, आणि जेफरसन मागे कलत हवेतल्या हवेत एका हाताने तो त्याच्या हातांतून ओढून घेतो. ३२ यार्ड. पुढे ओव्हरटाइममध्ये ३३-३० ने मॅच मिनेसोटाची.

आणि त्या मिनेसोटाच्या टीममध्ये तेव्हा जेलन रेगरही होता.