पावसाची कड आणि काळी माती : मराठवाड्यातल्या निसर्गछायाचित्रणाच्या गाडीवाटा

(छायाचित्रणाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, पावसाळा लागला की आपल्याकडची फोटो काढणारी मंडळी सह्याद्रीकडे गाड्या वळवतात. तिकडचं सौंदर्य मी नाकारत नाही. पण जुलैमध्ये घाटमाथ्यावर दिवसचे दिवस एकच राखाडी आभाळ बसलेलं असतं, दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. आपला मराठवाडा पर्जन्यछायेत येतो. इथे पाऊस तुकड्यातुकड्यांनी पडतो. एका शिवारात नांगरटीत पाणी साचलेलं असतं आणि चार किलोमीटरवर धुरळा उडत असतो. शेतकऱ्यासाठी ही काळजीची गोष्ट आहे, ते विसरून बोलायचं नाही. पण प्रकाशाच्या दृष्टीने पाहिलं तर अशा पावसाला कड असते. एका बाजूला काळाभोर ढग, दुसऱ्या बाजूला उघडं आभाळ आणि मधून तिरपा येणारा सूर्य. आपल्या भागातला उत्तम फोटो या कडेवर मिळतो. म्हणून सहल आखताना ठिकाण पक्कं करू नका. रस्ता पक्का करा, आणि ढगाच्या कुठल्या बाजूला जायचं ते त्या दिवशी ठरवा.

आता हा रस्ता कसा निवडायचा? सोलापूर–धुळे हा राष्ट्रीय महामार्ग ५२ आपल्या भागातून दक्षिणोत्तर जातो : तुळजापूर, धाराशिव, येडशी, मांजरसुंबा, बीड, गढी, गेवराई, छत्रपती संभाजीनगर, कन्नड. याला कणा समजा. येडशीहून पूर्वेला लातूर, पश्चिमेला बार्शी. मांजरसुंब्याहून पूर्वेला केज–अंबाजोगाई, पश्चिमेला पाटोदा आणि पुढे सौताडा. गढीहून पूर्वेला माजलगाव–परभणी, पश्चिमेला पाथर्डी. म्हणजे दर काही अंतरावर पूर्व-पश्चिम वळायची सोय आहे, आणि नेमकी तीच आपल्याला हवी. संध्याकाळी सूर्य पश्चिमेला असतो, तेव्हा ढग आपल्या पूर्वेला राहिला पाहिजे. ढग पश्चिमेला आला की तो सूर्य झाकतो आणि सगळं शिवार मातकट, सपाट दिसतं. ढग पूर्वेला ठेवला की पावसाच्या सरींवर समोरून ऊन पडतं, शेतं उजळतात आणि मागे गडद निळा-काळा पडदा मिळतो. सकाळी हेच उलट.

समृद्धी महामार्गाचा मोह टाळा. तो लवकर पोहोचवतो, पण त्यावर फोटोसाठी थांबता येत नाही आणि थांबूही नये. ताशी १२० च्या वेगाने येणाऱ्या गाड्यांना कडेला उभी असलेली गाडी पावसात दिसत नाही.

वळवाचं गणित आधी समजून घेऊ, कारण ते एकदा हातात आलं की बाकीचा हंगाम सोपा जातो. एप्रिलअखेरपासून मृगापर्यंत दुपारी दोननंतर ढग चढायला लागतात. फुलकोबीसारखे कडक कडांचे पांढरे ढग उंच वाढत गेले आणि त्यांचा माथा ऐरणीसारखा आडवा पसरला, की तो ढग पिकला असं समजा. मग वारा पडतो, उकाडा वाढतो आणि एकदम गार, धुळीचा झोत येतो. ढगातून खाली पडणारी थंड हवा जमिनीवर आपटून पसरते, तो हा झोत. त्याच्यामागून बहुतेक वेळा पाव तासाच्या आत पाऊस येतो. धुळीची भिंत टिपायची असेल तर हाच क्षण, पण त्या वेळी लेन्स बदलायची नाही. सेन्सरवर बसलेली बारीक माती पुढच्या सगळ्या फोटोंच्या आभाळात ठिपके होऊन दिसते. सकाळीच एका कॅमेऱ्यावर एक लेन्स ठरवून टाका.

माझ्या मते ती लेन्स ७०–२०० मिलिमीटरची टेली, म्हणजे दूरचं जवळ आणणारी, असावी. सपाट शिवारात १६ मिलिमीटरची वाइड लेन्स लावली की पंधरा किलोमीटरवरचा पावसाचा पडदा बोटभर दिसतो आणि अर्धी चौकट रिकाम्या ढेकळांनी भरते. टेली लेन्सने तोच पडदा, त्याच्या पुढचं लिंबाचं एकटं झाड आणि मागची बालाघाटची सपाट माथ्याची रांग एकमेकांजवळ येते. वाइड लेन्स काढायची ती पुढ्यात सांगण्यासारखं काही असेल तेव्हा : भेगाळलेली जमीन, ओला बेसाल्ट, करडईचं फुललेलं रान. तेव्हा फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरला एफ/११ ठेवून साधारण पावणेदोन मीटरवर फोकस करा. साधारण नव्वद सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट मिळतं.

इंद्रधनुष्याचंही गणितच आहे. सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांपेक्षा वर असेल तर जमिनीवरून इंद्रधनुष्य दिसत नाही. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी चारच्या सुमाराला सूर्य त्याखाली येतो. चारनंतर पाऊस पूर्वेला सरकला आणि पश्चिमेला उघडीप मिळाली, की पाठ सूर्याकडे करून उभं राहा. आपल्या डोक्याच्या सावलीच्या दिशेभोवती ती कमान असते. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिरता फिल्टर, लावला असेल तर तो हळूहळू फिरवून पाहा. एका कोनात रंग गडद होतात, पाव फेरी पुढे गेलात की धनुष्य जवळजवळ पुसलं जातं. पुष्कळांचं इंद्रधनुष्य असंच फिल्टरमध्ये हरवतं.

ढग कुठे चाललाय हे कसं ओळखायचं? भारतीय हवामान खात्याचे जिल्हावार इशारे सकाळी पाहा. दुपारी त्यांचा पुढच्या तीन तासांचा तात्काळ अंदाज पाहा. उपग्रहाची लागोपाठची तीन-चार चित्रं पुढे-मागे करून पाहिली की दिशा कळते. गडगडाटी ढग साधारण ताशी ३०–४० किलोमीटरने सरकतो असं धरून चाला. गावातल्या वाटा त्यापेक्षा फार वेगाने कापता येत नाहीत, म्हणून ढगाचा पाठलाग करू नका. तो जिथे नसेल अशा बाजूने वळसा घाला आणि वाट पाहा.

विजेबद्दल मात्र कुठलीही तडजोड नको. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असू द्या. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तर ट्रायपॉड सोडून गाडीत बसायचं, काचा वर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. शिवारातल्या एकट्या झाडाखाली तर नाहीच. गाडीतूनही चांगला फोटो निघतो : वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची काच निवडा, तिथे थेंब कमी असतात. लेन्सचं हूड काचेला टेकवा, आतले दिवे बंद करा. आधाराला जाड कापडाच्या पिशवीत दीड-दोन किलो ज्वारी भरून शिवून ठेवा. वाळूपेक्षा हलकी, आणि लेन्स तिच्यात नीट बसते. भिजली की बदला, नाहीतर कोंब येतात. रात्री आयएसओ २००, एफ/८, पंधरा सेकंद, एकामागून एक शटर चालू ठेवायचं. दूरच्या फिकट विजेला एफ/५.६.

आता काळी माती. आपल्या सहली बिघडतात त्या बहुतेक हिच्यामुळे. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते. पहिल्या जोरदार सरीनंतर पाणंद रस्ता वरून जेमतेम ओला दिसतो, पण चाकाने एक फेरा घेतला की माती टायरच्या खाचांमध्ये बसते. दुसऱ्या फेऱ्यात त्या मातीला माती चिकटते. दहा-वीस मीटरांत टायर गुळगुळीत रोलर होतो आणि मडगार्ड आणि चाक यांच्यामधली जागा भरून चाक फिरायचंच थांबतं. फोर-व्हील ड्राइव्हचा इथे उपयोग मर्यादित, कारण चारही चाकं सारखीच माखलेली असतात. म्हणून नियम एकच : गाडी डांबरावर किंवा जुन्या, दबलेल्या मुरमावर. नव्याने भरलेली साइडपट्टीही पावसात खचते. थांबण्याच्या जागा आधी हेरून ठेवा : पेट्रोल पंप, मंदिराचं फरसबंदी आवार, जिल्हा परिषदेच्या शाळेचं मैदान, वजनकाटा. विचारून थांबा आणि पुढचं अर्धा किलोमीटर पायी जा.

तरीही रुतलीच, तर ॲक्सिलरेटर दाबू नका. चाक जितकं फिरेल तितकी गाडी पोटावर बसते. चाकापुढची माती खुरप्याने काढा, टायरमधली हवा १८–२० पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांखाली बारदान घाला, स्टिअरिंग सरळ ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये हळू सोडा. डांबरावर आल्यावर पंपाने हवा पूर्ववत करा, तोवर वेग नको. जॅक लावायचा असेल तर त्याखाली फूटभर चौकोनी, १८ मिलिमीटर प्लायवूडची फळी हवीच. नुसता जॅक मातीत बुडतो आणि गाडी आहे तिथेच राहते. शेवटी ट्रॅक्टर हाच खरा आधार. दोर बंपरला बांधू नका. टूलकिटमधला टो-हुक समोरच्या झाकणामागे पिळून बसवायचा असतो. बऱ्याच गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, हे घरीच एकदा बसवून पाहा. अंधारात, पावसात ते शोधत बसू नये.

पुराच्या पाण्याबद्दल एवढंच : पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला तरंगवू शकतं, आणि गढूळ पाण्याखालचा रस्ता वाहून गेलाय का ते दिसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव आणि बीडकडच्या नद्यांनी काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी पाऊस वर, उगमाकडे पडलेला असतो. पाणी अचानक गढुळलं, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, की नदीपात्रातून ताबडतोब वर या.

सौताड्याचा धबधबा, नळदुर्गच्या किल्ल्यातले नर-मादी धबधबे, पैनगंगेवरचं सहस्रकुंड या जागा भर पावसानंतरच बोलतात. नर-मादी तर बोरी नदीचं पाणी किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून वाहू लागलं तरच दिसतात, म्हणून निघण्याआधी तिथे फोन करून विचारा. पुराचं पाणी तांबूस असतं. त्याला दहा सेकंदांचं शटर दिलं तर चिखलाचा सपाट पट्टा दिसतो. पाव ते अर्धा सेकंद द्या, म्हणजे पाण्याचा पोत आणि जोर दोन्ही राहतात. इथे पोलरायझर खरा कामाचा : ओल्या बेसाल्टवरची पांढरी चमक निघून दगडाचा काळा-जांभळा रंग वर येतो. त्याला दीड-दोन स्टॉप जास्त प्रकाश द्यावा लागतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), तो हिशेबात धरा. ढगाळ आभाळात तेवढ्याने शटर आपोआप लांबतं, बऱ्याचदा प्रकाश कमी करणाऱ्या एनडी फिल्टरची गरजच पडत नाही.

माझा स्वतःचा आवडता काळ सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. परतीच्या पावसाआधी हवा धुतलेली असते, सोयाबीन पिवळं पडायला लागलेलं असतं, तूर हिरवी असते, आणि २२-२३ सप्टेंबरच्या आसपास सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो, त्यामुळे पूर्व-पश्चिम रस्त्याच्या टोकाला तो समोर मिळतो. संभाजीनगरच्या बाजूला सूर्योदय सव्वासहाच्या सुमाराला, सूर्यास्त त्यानंतर बारा तासांनी. म्हैसमाळचं धुकं, अजिंठ्याचा वाघुर नदीवरचा घोड्याच्या नालेसारखा वळलेला कडा हे याच दिवसांत पाहा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. अशा स्मारकांवर परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही.

वाऱ्यात पीक हलत असताना तीन एक्स्पोजर काढून जोडण्याचा अट्टहास करू नका, पानं जुळत नाहीत. रॉ मध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) एकच फोटो, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या टोकाला नुसता टेकवून, शटर १/१२५ च्या वर. आयएसओ ४०० झाला तरी चालेल.

पीक झोपलेलं, गारांनी मोडलेलं रान दिसलं की तिथे ट्रायपॉड लावायच्या आधी मालकाशी बोला. त्याच्या डोळ्यांपुढे वर्षाची कमाई गेलेली असते. बोलल्यावर लोक नाही म्हणत नाहीत, उलट पंचनाम्यासाठी फोटो मागतात. ते काढून द्या, आधी ते, मग आपले.

आणि लेन्सचं धुकं. एसीने गार झालेल्या गाडीतून कॅमेरा दमट हवेत काढला की काचेवर वाफ धरते. पुसली की पुन्हा धरते, आणि पुसण्यात दहा मिनिटं जातात, जी फोटोची दहा मिनिटं असतात. थांब्याच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करा, काचा उघडा, कॅमेरा बॅगेतच राहू द्या. चार-पाच मायक्रोफायबर फडकी वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवा. ओलं झालेलं फडकं पुन्हा वापरलं की काचेवर पाणी पसरतं. रात्री मुक्कामी बॅग डिकीत ओल्या कपड्यांबरोबर ठेवू नका, पंख्याखाली उघडी ठेवा, नाहीतर बुरशी लेन्सच्या आत शिरते. ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री सांधे उघडून धुवा. काळी माती वाळली की लॉकमध्ये सिमेंटसारखी बसते आणि पुढच्या वेळी पाय फिरवताना त्याचे आटे खाते.