चढताना उतरते, उतरताना चढते

मित्रहो, पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'व्हीलचेअर वापरणाऱ्या चालकाने गाडी कशी निवडावी'. त्यावर मी येणारच आहे. आधी एक सांगा, मी गाडी चालवते म्हटल्यावर लोक मला पहिला प्रश्न कोणता विचारत असतील? बरोबर! पाय चालत नाहीत, तर ब्रेक कसा मारता? गेली एकोणीस वर्षं हाच प्रश्न. त्याचं उत्तर अर्ध्या मिनिटात होतं. स्टिअरिंगशेजारी एक दांडा असतो. ढकलला की ब्रेक लागतो, ओढला की अ‍ॅक्सिलरेटर. युक्ती काही आजची नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय आजारपणात गेले होते, आणि 1930 च्या दशकात ते हाताने चालणारी फोर्ड गाडी स्वतः चालवत.

पण तुम्ही आत कशा बसता, हे आजवर मला क्वचितच कुणी विचारलंय. आणि बाहेर कशा येता, हे तर कुणीच नाही.

गंमत बघा, आपली घडीची खुर्ची मुळात याच प्रश्नातून जन्मली. हर्बर्ट एव्हरेस्ट नावाचे एक खाण-अभियंता होते. 1918 मध्ये खाणीतल्या अपघातात त्यांच्या कण्याला इजा झाली. त्यांना मोटारीत मावेल अशी खुर्ची हवी होती, आणि तेव्हाच्या खुर्च्या म्हणजे अवजड लाकडी सिंहासनंच. मग हॅरी जेनिंग्स या अभियंता मित्राबरोबर त्यांनी 1930 च्या दशकात पोलादी नळ्यांची, खाली कैचीसारखी फुली असलेली, मिटणारी खुर्ची बनवली. आज जगभर दवाखान्यांच्या दारात उभी दिसते ती हीच. पुढे 1970 च्या दशकाच्या अखेरीस मॅरिलिन हॅमिल्टन या अमेरिकन बाई हँग ग्लायडरच्या, म्हणजे पंखाला लटकून उडण्याच्या साधनाच्या, अपघातात जायबंदी झाल्या. त्यांना ती जड पोलादी खुर्ची असह्य झाली. ग्लायडर बनवणाऱ्या दोन मित्रांनी त्याच हलक्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांतून त्यांना खुर्ची करून दिली. माझी खुर्ची त्याच वंशातली. चाकाच्या मध्यावरचं बटण दाबलं की चाक हातात येतं, आणि उरलेला सांगाडा मी एका हाताने उचलू शकते. हे सगळं लांबण लावून सांगते आहे, कारण खुर्चीच्या इतिहासातली दोन मोठी वळणं 'मला उचलून बरोबर नेता आली पाहिजे' या हट्टातून आली.

तर आता गाडीजवळ चला. दार पूर्ण उघडं. खुर्ची सीटच्या जरा तिरकी, जितकी जवळ जाईल तितकी. लावण्याआधी खुर्ची वीतभर मागे घ्यायची, म्हणजे पुढची छोटी चाकं वळून पुढच्या बाजूला येतात आणि खुर्ची पुढे कलंडत नाही. हे मला तीन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षं मी दर वेळी जीव मुठीत धरून बसत होते! मग ब्रेक लावायचे. पाय हाताने उचलून आत ठेवायचे. कुशनच्या कडेपर्यंत सरकायचं. एक हात खुर्चीवर, एक सीटवर. आणि आता डोकं. डोकं जिकडे जाईल त्याच्या उलट बूड जातं. आत जायचं असेल तर डोकं पुढे आणि बाहेरच्या बाजूला खाली घालायचं. शिकताना मन नेमकं उलट सांगत असतं. जिथे जायचं तिकडे बघावंसं वाटतं, आणि तिकडे बघितलं की बूड जागचं हलत नाही.

माझं कुशनसकट आसन जमिनीपासून बावन्न सेंटिमीटरवर आहे. गाडीची सीट त्याच्या खाली असेल तर आत जाणं सोपं, नुसतं घसरायचं. येताना मात्र तेवढाच डोंगर. सीट वर असेल तर उलटं. म्हणून मी म्हणते, बसक्या गाडीत मी चढताना उतरते आणि उतरताना चढते. तुम्ही हसलात, बरं वाटलं. पण हे वाक्य घरी गेल्यावर टेप घेऊन तपासा. लोक गाडी बघायला जातात, आत बसून पाहतात, 'अगदी सहज जमलं' म्हणतात आणि पैसे भरून येतात. दिवसभर फिरून, हात थकल्यावर, रात्री बाहेर यायचं असतं हे त्या दुकानात आठवत नाही.

आणि चढ म्हणजे नुसती दमणूक नाही. आपले खांदे चालण्यासाठी बनलेले नाहीत. शरीराचं ओझं वाहण्याचं काम नितंबाच्या सांध्याचं. आपण ते खांद्यावर टाकलं. खुर्चीतल्या जुन्या माणसांना विचारा, खांदादुखी नाही असा विरळा. मज्जारज्जूच्या दुखापतीवर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी 2005 साली हात जपण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत स्पष्ट लिहिलंय की शक्य तिथे सारख्या उंचीवर सरका, दर वेळी तोच हात पुढे नको, आणि हात खांद्याच्या वर नेऊन लटकू नका. आता आठवा, दारावरच्या छताला एक कडी असते. सगळे नवशिके तीच धरतात. मीही धरायचे. हाताशी असते, भक्कम असते, आणि नेमकी खांद्याच्या वर असते.

माझी तक्रार मात्र छताच्या कडीबद्दल नाही. ती दाराबद्दल आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एका इमारतीच्या आवारात आमच्यासाठी राखलेल्या जागेत मी गाडी लावली होती. शेजारी तिरप्या रेघांचा पट्टा. परत आले तर त्या पट्ट्यावर एक मोठी गाडी. तिच्या आणि माझ्या दारात एक वीत अंतर. पाऊस सुरू झालेला. चौकीवर सांगितलं, पुकारा झाला, कुणी आलं नाही. पाऊण तास थांबले. शेवटी ठरवलं, शेजारच्या सीटवरून आत शिरायचं. बसले, चाकं काढली, सांगाडा मागे टाकला आणि मधला उंचवटा ओलांडायला सुरुवात केली. मध्ये हँडब्रेक, गिअरचा दांडा, आणि सीटबेल्टचं कुलूप उभं. एक पाय अडकला. तो सोडवायला मी वाकले आणि तशीच दोन-तीन मिनिटं बसून राहिले. कशावर बसले होते ते मला कळलं नाही, कारण तिथे मला कळत नाही.

तेवढ्यात ते गृहस्थ आले. 'दहाच मिनिटांसाठी लावली होती' म्हणाले आणि निघून गेले.

दोन दिवसांनी आरशात पाहिलं. बसण्याच्या हाडावर, बेल्टच्या कुलपाच्या आकाराचा, चौकोनी काळा-निळा डाग. आठवड्यात तिथे जखम झाली. सात आठवडे मी पालथी झोपून होते. सात आठवडे नोकरी नाही, गाडी नाही, खुर्चीत बसणंसुद्धा नाही. आपल्यापैकी ज्यांनी हे भोगलंय त्यांना मी काही वेगळं सांगत नाही. इतरांना सांगते, त्या तिरप्या रेघा म्हणजे उरलेली जागा नव्हे. तो माझ्या दाराचा भाग आहे. अमेरिकेच्या नियमात हा पट्टा किमान 60 इंच रुंद लागतो, म्हणजे दीड मीटर. दार उघडून बाजूला खुर्ची उभी करा आणि मोजा, त्यातला एक इंचही चैनीचा नाही. दुचाकीसुद्धा तिथे लावू नका. 'दुचाकी काय, सरकवता येते' म्हणतात. मी कशी सरकवू?

चिठ्ठी आली आहे, आठ मिनिटं राहिली आहेत. विषय तर अजून तसाच आहे! भराभर सांगते, लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

गाडी बघायला जाताना स्वतःची रोजची खुर्ची आणि टेप घेऊन जा. पहिलं माप सीटच्या उंचीचं. तुमच्या कुशनशी फरक चार-पाच सेंटिमीटरच्या वर नको. उंची कमी-जास्त होणारी सीट असेल तर ती खालपासून वरपर्यंत फिरवून पाहा. बसताना एक उंची, उतरताना दुसरी, हे तिच्यामुळे जमतं. दुसरं माप खुर्ची आणि सीट यांच्यामधल्या दरीचं. उंबरठा रुंद असेल तर खुर्ची कितीही टेकवली तरी दरी राहते. तिथे सरकफळी, म्हणजे दरीवर टाकून वरून सरकायची फळी, लागते. फळी वापरण्यात कमीपणा काही नाही, खांदा वाचतो. तिसरं, दार किती उघडतं आणि उघडं थांबतं का. चढावर दार परत येऊन पायावर आदळतं.

मग खुर्ची आत घेऊन पाहा. हे विक्रेत्याला करू देऊ नका, स्वतः करा. पाठ मागे झुकवा, स्टिअरिंग वर करा, सांगाडा छाती आणि स्टिअरिंग यांच्यामधून शेजारच्या सीटवर गेला पाहिजे. न गेल्यास ती गाडी तुमची नाही, मग बाकी काही का असेना. मांडीवर जुनी चादर ठेवा, चाकांचा चिखल कपड्यांना लागत नाही.

आणि दाराच्या मागच्या खांबावर, दार ज्यात अडकतं तो लोखंडी आकडा बघा. बूड सरकतं ते नेमकं त्याच्या शेजारून. मी त्यावर जाड फोमची टोपी घालते आणि आत बसल्यावर, दार लावण्याआधी काढते.

फिरून बाहेर येणाऱ्या सीटा, खुर्ची छतावर उचलणारी यंत्रं, रॅम्पवरून खुर्चीसकट आत नेणाऱ्या गाड्या, यांवर बोलायचं होतं, राहून गेलं. एवढंच सांगते, खुर्चीत बसूनच गाडी चालवायची असेल तर ती खुर्ची अपघाताच्या चाचणीतून गेलेली हवी. त्यासाठी आयएसओ 7176 या खुर्च्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेतला एकोणिसावा भाग आहे, तो क्रमांक विक्रेत्याकडे मागा. सगळ्या खुर्च्यांना तो नसतो, माझ्या खुर्चीलाही नाही.

माझी गाडी बाहेर फाटकाशी उभी आहे. मी आत बसून, बाहेर येऊन दाखवते, दोन्ही. बघायला सगळे या, फक्त चालकाच्या दाराच्या बाजूला गर्दी करू नका, तिथे मला खुर्ची लावायची आहे.