लांबट झालेलं भोक

मंडळी, ही पिन जरा हातात घ्या आणि मग मागे द्या. मधोमध बोट फिरवा, खाच लागते ना? म्हापशाला माझ्याकडे एक जीप आली होती, मागे होडीचा ट्रेलर, मालक म्हणाले ब्रेक मारला की मागून टक् असा आवाज येतो, बाकी काही नाही. ही त्याच्या टो-बारची, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडणाऱ्या दांड्याची पिन. ज्या भोकात ती बसायची ते गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं.

अमेरिकेत लोक मोटरहोमच्या मागे आपली छोटी कार चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढत नेतात, त्यांच्या टो-बारला आत-बाहेर सरकणारे दोन दांडे असतात. आपण होडी ओढतो, नाहीतर अनमोड घाटात बंद पडलेली गाडी, पण झीज तीच हो. गाडी निघाली की बार ताणला जातो, ब्रेक लावला की दाबला जातो, आणि पिनला केसभर जागा मिळाली की ती दर वेळी हातोडीसारखी आपटते, आपटली की भोक वाढतं, भोक वाढलं की अजून जोरात आपटते. थोडा प्ले आहे, म्हणजे थोडं ढिलं आहे, चालेल, असं कृपा करून म्हणू नका.

त्यात आपल्याकडे खारं पाणी आणि तांबडी धूळ. ट्रेलर रॅम्पवरून पाण्यात उतरवला की बाहेर काढल्यावर गोड्या पाण्याने धुवायलाच हवा, आणि सरकणाऱ्या दांड्यांना ग्रीस थापू नका, धूळ ग्रीसला चिकटते आणि पॉलिश पेपरसारखी घासत राहते, त्यापेक्षा सिलिकॉनचा सुका स्प्रे मारा. दांडा अॅल्युमिनियमचा आणि पिन स्टीलची असेल तर ती अधूनमधून काढून पुसा, नाहीतर मिठाच्या ओलाव्यात सांध्यावर पांढरी पूड धरते आणि पिन जाम होते.

ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा गोळा, म्हणजे बॉल, व्हर्नियरने (जाडी मोजायच्या पट्टीने) मोजा, दोनतीन बाजूंनी, कारण तो सगळीकडून सारखा झिजत नाही. 50 मिमीचा बॉल 49 वर आला की बदला. आणि दोन इंची बॉल 50.8 मिमीचा असतो, डोळ्याला फरक कळत नाही, पण 50 च्या कपलरमध्ये, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या वाटीत, तो नीट बसत नाही, ठोकून बसवू नका.

पिन हरवली म्हणून हाताला लागेल तो बोल्ट घालतात त्याचा मला खरंच राग येतो. बोल्टचे आटे भोकात आले की कानशीसारखे घासतात, आणि साधा बोल्ट तेवढा मजबूतही नसतो. सेफ्टी चेन बारच्या खालून क्रॉस करून लावा, कपलर सुटलाच तर ट्रेलरचं पुढचं टोक चेनवर पडतं, रस्त्यात रुतत नाही.

भोक वेल्डिंगने भरून परत ड्रिल मारलं तर, असं मागून कोणीतरी विचारतंय ना? नाही मारायचं. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू नरम पडू शकतो, अॅल्युमिनियम तर हमखास, आणि वरून सगळं ठीकच दिसतं. त्या जीपचा ते भोक असलेला ब्रॅकेट मी अख्खा बदलला.