मधली शिवण

नमस्कार मंडळी.

आज ज्यांची आठवण काढायची आहे, त्या बाईंना जाऊन ऐंशीहून जास्त वर्षं झाली. फ्रान्सिस गुडरिच हे त्यांचं नाव. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला १८५६ साली त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक. येल विद्यापीठाच्या कलाशाळेत त्या चित्रकला शिकल्या. मी त्यांना गुडरिचबाई म्हणणार आहे, कारण शिकवणारीला आपल्याकडे दुसरं नाव नाही. पुढे त्यांनी हातमागाच्या कापडाचं दुकान काढलं हे खरं, पण त्या दुकानातही त्या शिक्षिकाच राहिल्या, हेच मला आज सांगायचं आहे.

१८९० साली त्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या अ‍ॅशव्हिलजवळच्या डोंगरात मिशनच्या कामाला मदत करायला आल्या, तेव्हा त्यांचं वय होतं चौतीस. अ‍ॅपलाशियन डोंगररांगेचा हा भाग. ब्रिटन्स कोव्ह नावाच्या खोऱ्यात त्या राहू लागल्या, मुलांना शिकवू लागल्या. आता, मुलांना शिकवणाऱ्या माणसाला त्यांची घरं दिसल्याशिवाय राहत नाहीत. पोरगं शाळेत का येत नाही हे विचारायला म्हणून तुम्ही उंबऱ्याशी जाता आणि आत काय आहे, काय नाही, सगळं कळून येतं. गुडरिचबाईंना दिसल्या त्या एकट्या पडलेल्या बायका. रस्ते वाईट, शेजार लांब, हातात रोख पैसा नाही.

१८९५ साली शेजारच्या एका बाईने त्यांना एक पलंगपोस भेट दिला. हातमागावर विणलेला, तपकिरी आणि सायीच्या रंगाचा, तेव्हाच चाळीसेक वर्षांचा. नक्षीचं नाव ‘डबल बोनॉट’, म्हणजे फितीची दुहेरी गाठ. असं विणकाम तोवर जवळजवळ थांबलं होतं. गिरणीचं स्वस्त कापड दुकानातून मिळायला लागल्यावर मेंढीची लोकर कातरायची, धुवायची, पिंजायची, कातायची, रंगवायची आणि मग विणायची, एवढा खटाटोप कोण करणार? माग मोडून ठेवले गेले. कला हातात होती, पण ते हात म्हातारे होत चालले होते.

इथे जरा थांबते, कारण मी स्वतः मागावर बसते आणि हा पलंगपोस म्हणजे काय चीज आहे हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ताणा, म्हणजे उभे धागे, सुती; नक्षी लोकरीची. आडवा धागा नेणारे दोन धोटे चालतात. एक बारीक सुताचा, तो साधी वीण घालत जातो. दुसरा रंगीत लोकरीचा, तो एकदम तीन-चार धाग्यांवरून उडी मारत नक्षी उमटवतो. हात पुरेल तेवढीच मागाची रुंदी, त्यामुळे पलंगाएवढं कापड एका पट्ट्यात होतच नाही. दोन पट्टे विणायचे आणि मधोमध शिवायचे. आणि खरी परीक्षा तिथेच असते. पहिला पट्टा विणताना फणी जेवढ्या जोराने ठोकली, तेवढ्याच जोराने दुसराही ठोकावा लागतो. मधे तान्हं रडतं, चूल विझते, चार दिवस माग बंद राहतो, राग आलेला असतो. हात जरा सैल पडला की नक्षी लांबट होते, जरा जड पडला की चेपते. मग शिवायला घेतलं की डावीकडचं अर्धं वर्तुळ उजवीकडच्या अर्ध्याला भेटत नाही. चांगल्या विणकरणीची मधली शिवण शोधावी लागते, पटकन दिसत नाही.

चित्रकला शिकलेल्या बाईंना हे कळलं. त्यांनी तो पलंगपोस उत्तरेकडच्या ओळखीच्या लोकांना दाखवायला पाठवला, आणि असं कापड मिळालं तर आम्ही घेऊ, अशी उत्तरं आली. मग माग पुन्हा जोडायचे होते, जुन्या नक्ष्या शोधायच्या होत्या. नक्ष्या लिहिलेल्या असायच्या कागदाच्या लांब, अरुंद पट्ट्यांवर. कुठला धागा मागाच्या कुठल्या चौकटीतून ओवायचा, एवढंच आकड्यांत किंवा रेघांत. कुठवर आलो हे विसरू नये म्हणून टाचणी टोचत टोचत पुढे जायचं. एकाच नक्षीला या खोऱ्यात एक नाव, पलीकडच्या खोऱ्यात दुसरं. नावंही कशी: गोगलगायीची वाट, मांजराची पावलं, पाइनचा फुलोरा. ज्या बायांना शाळा मिळाली नाही, त्यांच्या घरात हे लिखाण पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं होतं. अक्षरं शिकवायला गेलेल्या बाईंना तिथे वेगळीच लिपी भेटली.

१८९७ साली त्या आणखी आत, अ‍ॅलनस्टँडला राहायला गेल्या. गुरं हाकत बाजाराला नेणारे लोक पूर्वी तिथे रात्रीचा मुक्काम करत, म्हणून ते ‘स्टँड’. बाईंनी आपल्या उद्योगाला त्याच जागेचं नाव दिलं आणि १९०८ साली अ‍ॅशव्हिलमध्ये दुकान उघडलं. जागा बरोबर निवडली. १८८० पासून तिथे रेल्वे येत होती, हवा खायला येणारे पैसेवाले लोक होते. विणकरणीने डोंगर उतरून दारोदार फिरायचं नाही, घरी बसून विणायचं, आणि विकायची जबाबदारी दुकानाची.

दयेपोटी घेतलेली वस्तू एकदाच विकली जाते. माझं हे पक्कं मत आहे आणि ते मी हस्तकलेच्या प्रत्येक प्रदर्शनात तपासून पाहते. गुडरिचबाईंनी गरिबी विकली नाही. चांगलं सूत, नीट रंग, जुळलेली नक्षी यांचा आग्रह धरला. नीळ, मंजिष्ठ, अक्रोडाची साल असे जुने रंग पुन्हा वापरात आले. वही तपासावी तसं कापड तपासलं की विणणारीला वाईट वाटतं, मान्य आहे. पण तिच्या कामाकडे कुणीतरी इतक्या बारकाईने पाहतंय, हेही तिला कळतं.

बाहेरून आलेल्या शिकलेल्या माणसांनी डोंगरातल्या लोकांवर स्वतःची आवड लादली, जुनं तेच खरं असं ठरवून टाकलं, अशी टीका पुढे अभ्यासकांनी अशा कामांवर केली. ती मी झटकून टाकणार नाही. काय विकायचं हे गिऱ्हाइकाची नजर ओळखणारी बाई ठरवत होती, विणणारी नव्हे. म्हणूनच मला त्यांच्या आयुष्याचा शेवटचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

१९२८ च्या डिसेंबरात त्याच राज्यातल्या पेनलंडला, लूसी मॉर्गन यांच्या विणकाम केंद्रात, डोंगरभर असं काम करणारी माणसं एकत्र जमली. त्यातून १९३० साली कारागिरांचा संघ उभा राहिला. आणि १९३१ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीला टेकलेल्या गुडरिचबाईंनी तेवीस वर्षं चालवलेलं दुकान त्या संघाला देऊन टाकलं. विकलं नाही, दिलं. नव्या संघाला सुरुवातीलाच चालतं दुकान मिळालं, गिऱ्हाइकांसकट. ज्यांनी आयुष्यभर काही उभं केलंय त्यांना विचारा, किल्ली हातातून सोडणं किती जड जातं. माझ्या ओळखीच्या कितीतरी चांगल्या संस्था ती किल्ली वेळेवर न सुटल्यामुळे बंद पडल्या.

त्यानंतर त्या तेरा वर्षं जगल्या. दुकान आजही चालू आहे, ब्लू रिज पार्कवे नावाच्या डोंगररस्त्यावरच्या लोककला केंद्रात, अ‍ॅलनस्टँड याच नावाने. त्यांनी जमवलेले जुने पलंगपोसही त्याच संघाच्या संग्रहात आहेत. कधी तिकडे जाणं झालं, तर नक्षी बघून झाल्यावर मधली शिवण शोधा.