शब्दांमुळे स्पर्श बदलतो का?

नमस्कार. डोळे मिटून एखादी वस्तू चाचपताना बोटांना जे जाणवते ते सर्वस्वी त्वचेचे काम आहे, असे आपण गृहीत धरतो. त्वचेतील संवेदनाग्राहक दाब आणि कंप टिपतात, हे खरेच आहे. हलका स्पर्श ओळखणाऱ्या पिझो-२ या प्रथिनाच्या शोधासाठी आर्डेम पटापूटियन यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मात्र तो संदेश मेंदूत पोहोचल्यावर त्याचे काय होते, यात भाषेचाही हात असतो.

एडमंड रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागींच्या हातावर एकच क्रीम चोळले जात होते. समोर दिसणारे शब्द मात्र कधी ते भरपूर ओलावा देणारे, तर कधी अगदी साधे असल्याचे सांगत. शब्द आकर्षक असले की तोच स्पर्श अधिक सुखद वाटे, आणि सुखदपणाशी संबंधित असलेल्या ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स या मेंदूच्या भागातील हालचालही त्यानुसार बदले.

यावर कोणी म्हणेल की ही केवळ अपेक्षेची किमया आहे, आणि ही शंका मला रास्त वाटते. म्हणूनच बर्लिनमधील संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलेला प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी बोटांवर उमटणारे, एकमेकांपासून सहज वेगळे न ओळखता येणारे स्पर्शाचे नमुने घेतले आणि त्यांच्या जोडीला निरर्थक शब्द ऐकवले. या शब्दांना स्वतःचा अर्थच नसल्यामुळे ते चांगले किंवा वाईट असे काहीही सुचवू शकत नव्हते. तरीही, ज्या नमुन्यांसोबत नेहमी ठरावीक शब्दच ऐकू येत असे, ते नमुने सरावानंतर लोकांना अधिक अचूकपणे वेगळे ओळखता येऊ लागले. याचा अर्थ असा, की शब्द स्पर्शाला गोडवा देतो एवढेच नव्हे, तर दोन स्पर्शांमधील सूक्ष्म भेद पकडायलाही मदत करतो.

भाषा आणि स्पर्श मेंदूत इतके जवळ कसे येतात, याचा एक धागा २०१२ च्या एका अभ्यासात सापडतो: पोत सांगणारे शब्द लाक्षणिक अर्थाने वापरलेली वाक्ये ऐकतानाही, पोत जाणणारा मेंदूचा भाग सक्रिय झाला होता.

अर्थात, नुसता शब्द कानावर पडणे पुरेसे नसते. बर्लिनच्या प्रयोगात काही नमुन्यांसोबत येणारे शब्द सतत बदलत राहिले, आणि त्या नमुन्यांच्या बाबतीत ओळख तशी सुधारली नाही.