गालाच्या आत

पहाटेचे चार. तुर्भ्याचं कांदा-बटाटा मार्केट. दिवाळी आठवड्यावर आली आहे, त्यामुळे गाड्यांची रांग लांब आहे. फाळका पडतो, गोण्या पाठीवर येतात.

खेप संपली की हात खिशातल्या पुडीकडे जातो. तळहातावर तंबाखू, नखावर चुना, अंगठ्याने मळायचं, दोन थापट्या, आणि बार गालाच्या आत. तासन्‌तास तिथेच. गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या नेमक्या याच खोबणीत आपल्याकडे तोंडाचा कर्करोग फार वेळा सुरू होतो.

तोंड येणं कुणाला नवं नाही. फोड झोंबतो, आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. जो दोन आठवडे उलटूनही जात नाही, तो दाखवायचा. दुखत नसला तरी दाखवायचा. सुरुवातीचा कर्करोग बऱ्याचदा दुखतच नाही, आणि न दुखणाऱ्या फोडासाठी रोज बुडवून दवाखान्यात कोण जाणार? उशीर होतो तो इथेच.

घरीही पाहता येतं. चूळ भरा, आरशासमोर मोबाईलची बॅटरी लावा, बोटाने गाल ओढून धरा. जिभेच्या कडा पाहा, जिभेखाली पाहा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, बोटाला लागणारी कडक गाठ. लाल, मखमलीसारखा चट्टा असेल तर अजिबात थांबू नका. वडापावचा घास घेताना तोंड पुरतं उघडत नसेल, तर ते सुपारीचं काम असू शकतं. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोग करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच हे नोंदवलं. आणि घरात मशेरी लावणारी आई, आजी असेल, तर तिचंही तोंड पाहा. तिच्याकडे बहुतेकदा कुणी पाहत नाही.

‘सुई लागली की पसरतो’ असं लोक सांगतात. ते खरं नाही. बायोप्सीत जागा बधिर करून छोटासा तुकडा काढतात. त्याशिवाय खात्रीने निदान होत नाही. खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र आहे, पण पहिल्यांदा दाखवायला जवळचा दातांचा डॉक्टर किंवा पालिकेचं रुग्णालय पुरे.

चहाची वेळ. दोघं गोणीला टेकलेत. एकाने गाल ओढून धरलाय, दुसऱ्याने मोबाईलचा उजेड.

“हे कधीपासून आहे रे?”

“गणपतीला गावी गेलो होतो ना, तेव्हापासून.”